सध्या काय वाचताय?



मला विषय दिलाय ‘आजचा वाचक’. हा विषय प्राध्यापकाचा. मी मॅट्रिक. गोदीत ठेक्यावर माल चढवतो-उतरवतो आणि पाळी सुटली की कविता लिहितो, म्हणजे दोन्हीकडं हमालीच. तरी बोलावलंत, तर बोलतो. कागदावर लिहून आणलंय, कारण तोंडानं बोलायला लागलो की मी भांडायला लागतो.

वर्ष संपत आलं की पेपरवाले नामवंतांना विचारतात, यंदा काय वाचलंत? नट असतो, कुलगुरू असतो, एखादा रिटायर झालेला साहेब असतो. ते चार इंग्रजी नावं सांगतात, पाचवं मराठी, आणि तेही बहुधा मित्राचं. त्या पानावर मी आजवर हमाल पाहिला नाही. धुणीभांडी करणारी बाई पाहिली नाही. आणि इकडं ६ डिसेंबरला शिवाजी पार्कावर पुस्तकांच्या स्टॉलवर पाय ठेवायला जागा नसते. नांदेड-परभणीकडून विनाआरक्षण डब्यात उभ्यानं आलेला माणूस केळी खाऊन दिवस काढतो आणि जाताना पिशवीत पुस्तक घालून जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात काय? ट्रॅफिक आणि कचरा.

म्हणून म्हटलं, आपणच विचारावं. महिनाभर गोदीत, वस्तीत, जो वाचतो त्याला विचारत सुटलो. काय वाचतोस? आवडलं का?

पहिले आमच्या टोळीतले मामा. मामांना अक्षर येत नाही. पण आमच्यातला सगळ्यात मोठा वाचक कोण विचाराल तर मी मामांचंच नाव घेईन. जेवणाच्या सुट्टीत शेडच्या सावलीला मी ‘फकिरा’ वाचून दाखवतो. अण्णा भाऊंची ही कादंबरी १९५९ सालची, बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली. मामांचा डबा उघडा राहतो, हात भाकरीवर तसाच. कुणाचा फोन वाजला तर मामा त्याची आईमाई काढतात. फकिरा उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो तिथं आलो. मी भारावलेलो. मामा म्हणाले, “लुटलं ते बराबर. पर वाटलं कुनी? मापानं वाटलं का? का पुढच्याला दोन पायल्या आन्‌ मागच्याला मूठ?”

मी पान उलटून पुन्हा शोधायला लागलो. आयुष्यभर गोण्या मोजलेल्या माणसाचा प्रश्न आहे तो. फकिरावरची समीक्षा मी थोडीफार वाचलीय. तिच्यात वीररस आहे, लोकपरंपरा आहे. माप मला कुठं दिसलं नाही.

‘गोलपिठा’ आमच्यातल्या तीन पोरांनी मोबाईलवर वाचायला घेतला. १९७२ चं पुस्तक. पोरं म्हणाली, जबर आहे पण कळत नाही. त्यात लाज नाही. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले शब्द अडले होते. मग आमच्यातले एक म्हातारे, ज्यांची जवानी कामाठीपुऱ्याच्या आसपास गेली, त्यांना बसवलं. ते एकेक शब्द सांगू लागले. पोरं आधी खिदळली. म्हातारबाही हसले. पुढं एका शब्दाशी ते थांबले, म्हणाले, “हा नको विचारू,” आणि उठून बिडी प्यायला गेले. पोरांनी मग तो शब्द मोबाईलवरही शोधला नाही.

‘बलुतं’बद्दल विचारलं तर एकानं सरळ सांगितलं, अर्ध्यावर सोडलं. का? “आवडलं म्हणायला जीव धजत नाही. माझ्या आईचं नाव नाही, एवढंच.” १९७८ साली ते आलं तेव्हा आपल्यातलेच शिकलेले लोक दया पवारांवर चिडले होते, घरचा उकिरडा चव्हाट्यावर कशाला म्हणून. हा मित्र चिडला नाही. त्यानं फक्त ते पुस्तक आईच्या नजरेला पडू नये म्हणून कपड्यांखाली ठेवलं. मी त्याला पुढं वाच म्हटलं नाही. वाचेल तेव्हा वाचेल.

आता अभ्यासिका. आपल्या वस्तीत सगळ्यात जास्त पानं कुठं वाचली जात असतील तर तिथं. रात्री दोनपर्यंत दिवा असतो. एमपीएससीचे गाईड, चालू घडामोडी, जुने पेपर. त्यांना आवडलं का म्हणून विचारलं तर माझ्याकडं असे बघतात की जणू मी विचारलं, लोकलची गर्दी आवडली का? हे वाचन नाही म्हणून नाक मुरडणारे आपल्यातही आहेत. मी मुरडत नाही. घरातल्या पाच माणसांचं पोट त्या गाईडावर टांगलेलं आहे.

पण तिथंच एक पोरगा गाईडाखाली दुसरं पुस्तक लपवून वाचत होता. मला वाटलं, काही चावट असेल. निघालं कार्ल सेगनचं ‘कॉसमॉस’. इंग्रजीत. शब्द अडला की मोबाईलवर अर्थ बघायचा. म्हटलं, हे कुठून? म्हणाला, रोहित वेमुलाच्या चिठ्ठीतून. २०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठात रोहित गेला. त्याला सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचं होतं. आपण त्याच्यासाठी मोर्चे काढले, मीही कविता लिहिली. त्याला काय वाचायला आवडत होतं ते मात्र या पोरानं शोधलं.

आणि मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, “आभाळातलं वाचून वस्तीतल्या गटाराचं काय होणार?” मी म्हणालो हे! पोरगा म्हणाला, “बाबासाहेबांनी १९२३ ला रुपयावर पुस्तक लिहिलं ना? मग तारे काय त्यांच्या बापाचे आहेत?” आपण दुसऱ्यांना शिव्या देतो की आम्हाला दलित साहित्याच्या खोलीत कोंडलं. त्या दिवशी दाराला कडी मी घालत होतो.

कडीवरून आठवलं. बाबासाहेबांचे खंड. सरकारनं पहिला खंड १९७९ ला काढला. चौथ्या खंडातल्या ‘रिडल्स’वरून वादळ उठलं, तेव्हा १९८८ मध्ये आपल्या लोकांनी मुंबईत प्रचंड मोर्चा काढला. पुढं खंडांची छपाई इतकी रखडली की २०२१ साली वर्तमानपत्रातली बातमी बघून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सरकारला शिव्या द्यायच्याच, त्या मी रोज देतो. पण इथं जवळच्या एका विहारात काचेच्या कपाटात खंड ओळीनं लावलेत. कपाटाला हार. कपाटाला कुलूप. किल्ली कुणाकडं, तर त्यांच्याकडं, आणि ते म्हणतात पुस्तकं खराब होतात. तीन रविवार मागं लागलो तेव्हा चौथा खंड हातात आला. पानं एकमेकांना चिकटलेली. ज्या पानांसाठी माणसं रस्त्यावर उतरली, ती कुणी उलटलीसुद्धा नव्हती. ब्लेडनं सोडवावी लागली.

आता शेवटचं. हे सांगू की नको, रात्रभर ठरत नव्हतं.

माझी वहिनी. चार घरची कामं करते, सातवीपर्यंत शिकलेली. मी तिला बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ दिलं, १९८६ चं. फलटणच्या या बाई. दुकान सांभाळत लिहायच्या आणि लिहिलेलं नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवून ठेवायच्या. वहिनीनं ते चार रात्रींत संपवलं. वाचनमंडळात मी त्यावर बोललो. बाबासाहेबांच्या हाकेनं बाया कशा उठल्या, वगैरे. वहिनी मागं बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, “भावजी, तुम्ही निम्मंच पुस्तक सांगितलंत.”

मी म्हटलं, कोणतं राहिलं?

“सुनांना आपलीच माणसं कशी मारायची ते. ते बी त्याच बाईनं लिवलंय.” मग पोळी लाटता लाटता, मान वर न करता, “तुमच्या भावाला दिलं का वाचायला?”

दिलं नव्हतं. भाऊ चळवळीतला आहे, मोर्चात पुढं असतो. पलीकडून आवाज यायचे तेव्हा मी अलीकडं बसून अन्यायावर कविता लिहायचो. आवाज वाढला की मोबाईलवर भीमगीत मोठं करायचो. मित्रांनो, भीमगीत.

दुसऱ्या दिवशी पुस्तक मी भावाच्या हातात दिलं. त्यानं काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, वाच. मग मला राहवलं नाही, का द्यायला आलोय तेही बोललो. तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. पुस्तक टीव्हीवर पडून होतं. गेल्या सोमवारी बघतो तर तिथं नाही. वहिनीनं त्याच्या डब्याच्या पिशवीत घातलं होतं. त्यानं ते बाहेर काढून ठेवलेलं नाही. परवा रात्री डबा घासायला काढताना तिनं पुस्तक उघडून मला दाखवलं. आत लोकलचं तिकीट होतं, खुणेला घातलेलं. सुरुवातीचीच पानं आहेत अजून.