मुलाखतीचा खंदक

इसवी सन १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालच्या सुभ्यात उतरले आणि कलकत्त्याच्या वस्तीत घबराट उडाली. हुगळीकाठच्या त्या इंग्रज ठाण्यातील रहिवाशांनी स्वतः पैसे उभारून गावाभोवती खंदक खणण्यास प्रारंभ केला. खंदक सात मैलांचा व्हावयाचा होता. सहा महिन्यांत तीन मैलांचे काम झाले आणि मग ते थांबले. कारण मराठी घोडेस्वार कलकत्त्यापर्यंत आलेच नाहीत. चौदा वर्षांनी, १७५६ मध्ये, दुसराच शत्रू आला. नवाब सिराजउद्दौल्याने कलकत्ता घेतले, आणि त्याला हा खंदक अडवू शकला नाही. ज्यांच्यासाठी खणला ते आले नाहीत, आणि जो आला तो अडला नाही. इतिहासात मात्र 'मराठा खंदक' हे नाव कायमचे राहून गेले.

भयापोटी खंदक खणण्याची मानवाची खोड अजून गेलेली नाही. त्या जुन्या खंदकाच्या पूर्वेस काही मैलांवर आज एक निराळा खंदक पाहावयास मिळतो. तो मातीत खणलेला नाही, नोकरीच्या वाटेवर खणलेला आहे.

कोलकात्याच्या पूर्वेची ही भूमी एके काळी खाऱ्या पाण्याची सरोवरे आणि मासेमारीची तळी यांनी व्यापलेली होती. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने १९६२ साली तेथे भर घालण्याचे काम सुरू झाले. हुगळीच्या पात्रातील गाळ पाण्यात कालवून मोठमोठ्या नळांवाटे दूरवर वाहून नेण्यात आला. भरावाचे काम एका युगोस्लाव्ह कंपनीकडे होते आणि नगराची आखणी दोब्रिवोये तोश्कोविच या युगोस्लाव्ह वास्तुशास्त्रज्ञाची होती. डॉ. रॉय त्याच वर्षी १ जुलैला निवर्तले. नगराला पुढे त्यांचे नाव मिळून ते बिधाननगर झाले, तरी लोकांच्या तोंडी सॉल्ट लेक हेच नाव राहिले. नगराचे पाच विभाग, आणि त्यांतला पाचवा उद्योगांसाठी. इलेक्ट्रॉनिक्सच्या वाढीसाठी राज्य सरकारने १९७४ साली वेबेल हे महामंडळ स्थापन केले, आणि त्या उद्योगाच्या मागोमाग संगणकाचा व्यवसायही या पाचव्या विभागात आला. आज 'सेक्टर फाइव्ह' हे दोन शब्द म्हणजे बंगालमधील मध्यमवर्गीय घरांत संगणकाच्या नोकरीचे दुसरे नाव होऊन बसले आहे.

या भागात सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास गेल्यास एक दृश्य हमखास दिसते. कृष्णनगर, बर्धमान, बाराशात अशा गावांहून आलेली मुले-मुली बिधाननगर रोड स्थानकावर उतरून रिक्षा पकडतात. २०२५ च्या ऑगस्टपासून थेट हावड्याहून भुयारी रेल्वेनेही येता येते. अंगावर इस्त्रीचा सदरा, पाठीवर पिशवी, हातात प्रमाणपत्रांची फाइल. फुटपाथवरच्या टपरीवर मातीच्या भांडातला चहा घेताना त्यांतला एखादा फाइल पुन्हा उघडतो आणि वर्गात चार वर्षांपूर्वी शिकलेली एखादी व्याख्या ओठांतल्या ओठांत म्हणून पाहतो. समोरच्या काचेच्या इमारतीत त्याची आज तिसरी फेरी असते. पहिली फेरी घरी बसून दिलेल्या चाचणीची झाली. गणित, इंग्रजी आणि तर्क. दुसरी आज्ञावली लिहून दाखविण्याची झाली; घड्याळ लावून. आता तांत्रिक मुलाखत, ती पार पडली तर व्यवस्थापकाची, आणि अखेरीस मनुष्यबळ विभागाची. फेऱ्या किती होतील हे त्याला आधी कोणी सांगितलेले नसते. विचारण्याचा त्याला धीर होत नाही.

तांत्रिक फेरीत त्याला बहुधा एक कोडे पडते. फळ्यावर किंवा पडद्यावर, परीक्षकाच्या देखत, मोठ्याने विचार करीत ते सोडवावयाचे. जे काम त्याला पुढे करावयाचे असते, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेली जुनी आज्ञावली वाचणे, तिच्यातील दोष हुडकणे, सहकाऱ्यांशी बोलून मार्ग काढणे, त्याचा या कोड्याशी संबंध क्वचितच असतो. गवंड्याला भिंत बांधावयास न सांगता विटेचे रसायनशास्त्र विचारावे, तसा हा प्रकार.

संध्याकाळी घरून फोन येतो. बर्धमानची आई असो की बार्शीची, प्रश्न एकच असतो.

"काय झालं रे?"

"झाली मुलाखत, आई. कळवतो म्हणाले."

"कधी कळवतील?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाजवळ नसते. आठ दिवस जातात, पंधरा जातात, महिना जातो. आई विचारायचे सोडून देते, आणि तिचे न विचारणे मुलाला अधिक लागते. हिंजवडीच्या, ऐरोलीच्या किंवा बंगळूरच्या काचेच्या इमारतींसमोरही हेच घडते. म्हणून सॉल्ट लेकची ही कथा एका शहरापुरती मानता येत नाही.

येथे कंपन्यांची बाजूही ऐकून घेणे न्यायाचे होईल. एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात. प्रमाणपत्रे खोटी निघतात. अनुभवाचे दाखले विकत मिळतात. दूरस्थ मुलाखतीत एकाच्या नावावर दुसराच बसल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न घालून तिचे उत्तर आपले म्हणून वाचून दाखविणारेही आढळतात. चुकीचा माणूस आत आला तर त्याचा पगार, त्याचे शिक्षण आणि त्याने बिघडविलेले काम असा तिहेरी तोटा होतो. तेव्हा दहा चांगले उमेदवार गेले तरी चालतील, पण एक वाईट आत येता कामा नये, असे धोरण ठरते. व्यापाराच्या हिशेबात ते वेडेपणाचे नाही. परंतु त्या हिशेबात गमावलेल्या दहांचा जमाखर्च कोठेच मांडलेला नसतो. जे नाकारले गेले त्यांनी पुढे काय केले असते, हे वहीत कधी येत नाही. त्यामुळे खंदक कितीही रुंद केला तरी तो यशस्वीच भासतो.

या खंदकाने इच्छित माणूस तरी सापडतो काय? कोड्यांच्या पद्धतीला ज्या मोठ्या कंपन्यांनी प्रतिष्ठा दिली, त्यांत गूगलचे नाव अग्रभागी होते. त्या कंपनीतील मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ साली उघडपणे मान्य केले, की अशा कोड्यांवरून उमेदवाराच्या पुढील कामाचा काहीच अंदाज बांधता येत नाही; त्यांनी समाधान होते ते विचारणाऱ्याच्या अहंकाराचे. २०२० साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने परीक्षकाच्या नजरेसमोर, मोठ्याने विचार सांगत, फळ्यावर प्रश्न सोडविला. दुसऱ्याने त्याच प्रकारचा प्रश्न बंद खोलीत एकट्याने सोडविला. नजरेखाली असलेल्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली उतरली. नजरेखालच्या गटातील एकही विद्यार्थिनी उत्तीर्ण झाली नाही, आणि एकटीने सोडविणाऱ्या सर्व विद्यार्थिनी उत्तीर्ण झाल्या. प्रयोग लहान होता आणि त्यावरून जगाचे नियम काढणे घाईचे होईल. तथापि एवढे खरे, की ज्ञानाची परीक्षा म्हणून जी योजिली ती पुष्कळ वेळा धिटाईची परीक्षा ठरते.

माणसे निवडण्याच्या पद्धतींचा अभ्यास नवा नाही. श्मिट आणि हंटर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, आणि २०२२ साली पॉल सॅकेट व त्यांचे सहकारी यांनी ते सारे आकडे पुन्हा तपासले. अनेक अनुमाने त्यांनी खाली आणली. मात्र एक गोष्ट वर राहिली. प्रश्न आधी ठरविलेले, सर्वांना तेच, आणि गुण देण्याची रीतही आधीच ठरलेली, अशी मुलाखत निवडीच्या साधनांत सर्वाधिक विश्वसनीय ठरली. परीक्षकाच्या लहरीवर सोडलेल्या गप्पा तिच्या पुष्कळ मागे पडतात. म्हणजे उपाय अज्ञात आहे असे नाही. तो कंटाळवाणा आहे, त्याला तयारी लागते, आणि त्यात परीक्षकाला आपली हुशारी दाखविण्यास वाव मिळत नाही, एवढेच.

सॉल्ट लेकपासून फार दूर नसलेल्या बरानगर येथे प्रशांतचंद्र महालनोबिसांची भारतीय सांख्यिकी संस्था आहे. भारतातील पहिला संगणक १९५५ साली तेथे आला. तो इंग्लंडहून आणलेला होता. पुढे १९६६ साली या संस्थेने जादवपूर विद्यापीठाच्या साहाय्याने आपला स्वतःचा संगणक उभारला आणि त्याला दोन्ही संस्थांच्या आद्याक्षरांवरून 'आयएसआयजेयू-१' असे नाव दिले. पहिला संगणक आला तेव्हा या देशात संगणकशास्त्राची पदवी देणारे विद्यापीठ नव्हते. त्या यंत्रावर काम करण्यास जे पुढे आले त्यांच्याजवळ पूर्वानुभवाचा दाखला असणे शक्यच नव्हते. कोणी गणिती होते, कोणी भौतिकशास्त्रज्ञ, कोणी अभियंते. शिकण्याची तयारी हीच त्यांची पात्रता होती, आणि शिकविण्याची जबाबदारी संस्थेने पत्करली होती. आजची भरती शिकण्याची किंमत उमेदवाराच्या पदरात टाकते आणि तयार माणूस मागते. मग उमेदवारही सहा-सहा महिने शिकवण्या लावून कोडी पाठ करतात. एका बाजूने कोडे, दुसऱ्या बाजूने पाठांतर; या दोहोंच्या मध्ये खरा अभियंता कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.

काही गोष्टी तर पैशावाचून आणि संशोधनावाचून करता येण्याजोग्या आहेत. फेऱ्या किती हे आरंभीच सांगावे. घरी करावयास दिलेले काम दोन-तीन तासांच्या पलीकडे जाऊ नये, आणि गेलेच तर त्याचा मोबदला द्यावा. कामाचा नमुना पाहावयाचा तर तो प्रत्यक्ष कामासारखा असावा. आणि उत्तर द्यावे. होकार असेल तर होकार, नकार असेल तर नकार, पण ठरलेल्या दिवशी. नकाराने माणूस खचतो, परंतु तो दुसऱ्या दिवशी दुसरीकडे अर्ज करू शकतो. मौनाने तो अडकून पडतो. २०२२ आणि २०२३ साली तर देशभर अनेक नवपदवीधर हाती नेमणुकीचे पत्र असूनही महिनोन् महिने रुजू होण्याच्या तारखेची वाट पाहत राहिले. त्या काळात कित्येकांनी दुसऱ्या संधी नाकारल्या, कारण दिलेला शब्द पाळावा असे घरी शिकविलेले होते. शब्द पाळण्याचे हे शिक्षण एकाच पक्षाने घ्यावे, अशी अपेक्षा फार दिवस टिकत नाही.

'कळवतो' हा शब्द मराठी व्यवहारात हलका नाही. मुलगी पाहून गेलेल्या मंडळींनी तो उच्चारला की घर कसे श्वास रोखून बसते, हे जुन्या पिढीला आठवत असेल. ती रीत गेली याचे कोणाला दुःख नाही. दाखविण्याच्या कार्यक्रमातील अपमान समाजाने ओळखला आणि हळूहळू टाकून दिला. नोकरीच्या दारातील हा दुसरा दाखविण्याचा कार्यक्रम मात्र शिकल्या-सवरल्या माणसांनीच उभा केला आहे, आणि त्यांतले बहुतेक जण एके काळी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला बसून घाम पुसत होते.

मराठा खंदकाचे पुढे काय झाले, तेही सांगण्याजोगे आहे. १७९९ साली त्याचा मोठा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यात आला. त्या रस्त्याला आज आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची नावे आहेत. एक पदार्थविज्ञानाचा उपासक, दुसरा रसायनाचा, आणि दोघेही हाडाचे शिक्षक. बर्धमानहून, कृष्णनगरहून शियालदह स्थानकात उतरणारे तरुण पहिले पाऊल टाकतात ते याच रस्त्यावर. जो खंदक लोकांना बाहेर ठेवण्यासाठी खणला होता, त्याच्यावरूनच आज लोक शहरात येतात.