पुराच्या आधीचे कागद
(पावसाळ्यापूर्वी साहाय्यकांच्या सभेत केलेले भाषण)



पूर आला की तुमच्याकडून धान्य, ब्लँकेट, भांडी येतात. त्यांचा उपयोग होतो. जुन्या कपड्यांची गाठोडी मात्र आता पुरे. आज मागणी वेगळी आहे, म्हणून थोडे कायद्याविषयी बोलते.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मुंबईबरोबर रायगड जिल्ह्याचीही दैना केली. महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. त्याच डिसेंबरात देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. कायदा चांगला आहे. प्रत्येक जिल्ह्याने आराखडा करायचा, धोक्याच्या जागा नोंदवायच्या. मदत देताना जात, धर्म, लिंग असा भेद करायचा नाही, असे कलम ६१ स्पष्ट सांगते.

तरी कातकरी कुटुंबाच्या हाती फारसे काही पडत नाही. दर वेळी कोणी भेद करतो असे नाही. कागद मागितला जातो, आणि तो नसतो.

पाणी ओसरले की तलाठी, ग्रामसेवक पंचनाम्याला येतात. २०२२ साली ठरलेल्या केंद्राच्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. पण बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला हवा. झोपडीला ८ हजार. झोपडी म्हणजे गवत, माती, प्लास्टिक यांचा तात्पुरता निवारा. आता नदीकाठची एखादी वाडी डोळ्यांसमोर आणा. कुडाच्या भिंती, वर कौले, फुटक्या जागी प्लास्टिक. जागा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. दोन पिढ्या तिथेच वाढल्या, पण घरपट्टीच्या नोंदीत नाव नाही. हे घर की झोपडी? पंचनाम्यात जो शब्द पडेल त्यावर लाखाचा फरक होतो, आणि तिथे उभ्या असलेल्या बाईला तो शब्द वाचता येत नाही.

दुसरी अडचण वेळेची. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात मदतीसाठी दोन दिवस पाण्याखाली असण्याची अट घातली गेली आणि लोक संतापले. कृष्णा-पंचगंगेचे पाणी निदान कित्येक दिवस राहते. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. पाणी रात्रीत चढते, भरती ओसरली की उतरू लागते. चूल, तांदूळ, कोंबड्या तेवढ्यात गेलेल्या असतात.

आणि धोक्याच्या याद्या? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ती वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच सांगितले. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रे नेता येईनात. ढिगारा हातांनी उपसावा लागला. यादी कार्यालयात होते, वाडी डोंगरावर असते.

म्हणून यंदा आम्हाला ट्रक नको, माणसे हवीत. घरपट्टीच्या नोंदीचा अर्ज, जातीचा दाखला, रेशनकार्ड, आधार. प्रत्येक घराचा तारखेसह फोटो. वाडीचे नाव तालुक्याच्या यादीत घालण्यासाठी ग्रामसभेचा ठराव. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत चौकशीला जाणाऱ्याला वाडीत म्हातारी माणसेच भेटतात. ही कामे भट्टीवर जाऊन सुरू करावी लागतील, रविवारी उपासनेनंतर निघालात तरी चालेल. भट्टीवर संध्याकाळी चुली पेटल्या की माणसे बसून बोलतात.

आपल्या मंडळीत निवृत्त तलाठी आहेत, शिक्षक आहेत, तहसील कचेरीत नोकरी केलेल्या दोन भगिनी आहेत. अर्ज कुठल्या टेबलावर अडतो हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. त्यांनी सभेनंतर पाच मिनिटे थांबावे. खर्च फार नाही: झेरॉक्स, फोटो, प्रतिज्ञापत्रे, एसटीचे भाडे. आणि ज्या दिवशी वाडीतली माणसे कचेरीत येतील, त्या दिवसाची बुडालेली मजुरी. ती देणगीतून भरून द्यावी, अशी माझी विनंती आहे. नाहीतर कोणी येणार नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही.