दिसलं की वाटलं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



वर्गात बडबड केली म्हणून ज्याला आठवड्यातून दोनदा दाराबाहेर उभं केलं जायचं, त्याच्याच हाती आज शाळेनं माइक दिला आहे! आणि आता त्या बडबडीचे मला पैसेही मिळतात. टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या पूलच्या सामन्यांचं मी समालोचन करतो. पूल म्हणजे पोहण्याचा तलाव नव्हे, एवढं आमच्या नातेवाइकांना अजून सांगावं लागतं. आपल्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे जागतिक विजेते झाले. त्या खेळाचा हा धाकटा भाऊ.

चांगलं समालोचन म्हणजे काय, असं संयोजकांनी विचारलं. लहानपणी आपण रेडिओवर क्रिकेट ऐकायचो. तिथे समालोचक हेच आपले डोळे. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला डोळे असतात. चार नंबरचा चेंडू पॉकेटमध्ये गेला, हे त्याला दिसलेलंच असतं. दिसत नाही तो खेळाडूचा बेत. नाइन-बॉलमध्ये पांढरा चेंडू आधी टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला लागावा लागतो आणि नियमाप्रमाणे नऊ नंबर जो घालवेल तो डाव जिंकतो. म्हणून चार नंबर मारताना खेळाडूच्या मनात पाच आणि सहा असतात. ‘पांढरा कुशनला लागून अलीकडेच थांबायला हवा, नाहीतर पाचाच्या वाटेत आठ येईल,’ एवढं शॉटच्या आधी सांगितलं, की नवखा प्रेक्षकही श्वास रोखून बघतो. तेच शॉटनंतर सांगितलं तर ते वरातीमागून घोडं.

आणि खेळाडू क्यू घेऊन वाकला, की गप्प बसायचं. बीबीसीचे टेड लो स्नूकरचं समालोचन कुजबुजल्यासारखं करत. सुरुवातीच्या काळात त्यांना प्रेक्षकांतच बसून बोलावं लागे, म्हणून ती सवय लागली. १९८५ची डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांची अंतिम लढत १७-१७ अशी बरोबरीत येऊन शेवटच्या काळ्या चेंडूवर ठरली. मध्यरात्र उलटून गेली तरी ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक टीव्हीसमोर होते. अशा वेळी बोलण्यासारखं असतंच काय? उलट, मॉस्कोनी कपमध्ये युरोप आणि अमेरिकेचे पाठीराखे आरडाओरडा करतात, शॉटला फक्त ३० सेकंद. तिथे कुजबुजून चालत नाही. जागा बघून आवाज लावायचा.

पण हे सगळं शिकता येतं. मला महाग पडलं ते वेगळंच.

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत लहान गावातला एक मुलगा खेळत होता. शेवटच्या डावात नऊ नंबर अगदी सरळ, सोपा. तो चुकला. मी ताबडतोब म्हणालो, “घाबरला! दडपण सहन झालं नाही.” सामना हरल्यावर तो मला जिन्यात भेटला. म्हणाला, “सर, पांढऱ्यावर खडू चिकटला होता. घरचे सगळे बघत होते. आता गावात मी घाबरट.”

रात्री मी तो शॉट पुन्हा पुन्हा पाहिला. चेंडू एकमेकांना भिडतात तिथेच क्यूच्या खडूचा कण आला, तर घर्षण वाढतं आणि समोरचा चेंडू रेषा सोडतो. आवाजही बद्द येतो. तो आवाज आला होता आणि पांढरा किंचित उडालाही होता. दोन्ही माझ्यासमोर घडलं होतं. मी मात्र मुलाच्या मनातलं सांगत बसलो, जे मला दिसणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो शॉट दाखवायला लावून मी प्रक्षेपणातच चूक कबूल केली. पण आदल्या रात्री ऐकणाऱ्या सगळ्यांनी ती कबुली ऐकली असेल, असं नाही.

विज्ञानाच्या बाई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, प्रयोगवहीत तुम्ही कृती, निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळं लिहायला लावायचात. मी सगळी खिचडी करायचो. तुम्ही लाल शाईनं विचारायचात, “हे तुला दिसलं की वाटलं?” त्याचे तेव्हा गुण गेले, पुढे एका मुलाची अब्रू गेली. आता सामन्याच्या टिपणवहीत पहिल्या पानावर तोच प्रश्न लिहितो. लाल शाईनंच.

वेळ संपली म्हणून खूण होते आहे. या वेळी बाहेर काढण्याआधी मी आपणहून थांबतो.