पांघरूण

गावोगावाहून, कारखान्या-कारखान्यांतून आलेल्या व्यसनमुक्ती प्रशिक्षक मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षीय भाषणाची सुरुवात एका कबुलीने करतो.

मी कामगार कल्याण अधिकारी होतो. 1948च्या कारखाने अधिनियमानुसार पाचशे किंवा अधिक कामगार असले की हे पद लागायचंच. आमच्याकडे एक फिटर होता. हात सोन्याचा, पण सोमवारी दांडी ठरलेली. सुपरवायझर सांभाळून घ्यायचा, सोबती त्याचं काम उरकायचे, बायको आजारपणाचे अर्ज आणून द्यायची आणि ते मंजूर करायचो मी. गरिबाच्या पोटावर पाय कशाला आणायचा! पुढे त्याचं यकृत निकामी झालं. तो गेला, तेव्हा कळलं की त्याचं पिणं ठाऊक सगळ्यांनाच होतं. बोललं कोणी नव्हतं.

गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ हे दारूवरचं नाटक 1919 साली रंगभूमीवर आलं. त्यातली सुधाकराची बायको सिंधू आपल्याला आठवते, तिची भूमिका करणारे बालगंधर्व आठवतात. मला मात्र नाटकाची सुरुवात छळते. वकील सुधाकराचा कोर्टात अपमान होतो, त्याची सनद तात्पुरती जाते आणि पेला पुढे करतो तो त्याचाच कारकून, तळीराम. सुधाकराच्या घरात दारू शिरली ती कामाच्या वाटेने.

आणि आपली प्रशिक्षणं कशी होतात? 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, सडक्या यकृताचं पोस्टर लावायचं, शपथ द्यायची, फोटो काढायचा, चहा प्यायचा. शपथ सगळ्यांत मोठ्याने घेतो तो बहुधा पिणाराच असतो. दारू वाईट, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. शिकवायचं आहे ते त्याच्या आजूबाजूच्यांना.

सुपरवायझरला शिकवा, की माणसाचं चारित्र्य तपासू नकोस, काम बघ. “बेवडा आहेस” म्हटलं की बोलणं संपतं. “या महिन्यात तीन सोमवार आला नाहीस, परवा माप चुकलं, काय झालंय?” असं विचारलं की बोलणं सुरू होतं. नशेच्या गोळ्यांना वास येत नाही; तोंड हुंगणारा तिथे फसतो, कामावर नजर ठेवणारा सहसा फसत नाही. मात्र नशेतल्या माणसाला मशीनवर उभं करू नका. तिथे दया दाखवली, तर शेजारच्याची बोटं जातात.

घरच्यांना शिकवा, की रोज भरपूर पिणाऱ्याकडून “आजपासून थेंब नाही” असं देवापुढे वदवून घेण्याआधी डॉक्टर गाठा. दारू एकाएकी तोडली तर हात थरथरतात, कधी भास होतात, फिट येते. जीवही जाऊ शकतो. आणि मालकांना सांगा, की उपचार घेणाऱ्याची नोकरी आणि त्याचं गुपित, दोन्ही शाबूत राहिली पाहिजेत. नाहीतर पुढे येणार कोण?

पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथे येणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. व्याख्यानांनी होत नाही ते काम हा एक शब्द करतो. शरमेने खाली गेलेली मान वर येते. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून 1993 साली दारूबंदी झाली, तरी 2016 मध्ये ‘मुक्तिपथ’ हे व्यसनमुक्तीचं अभियान हाती घ्यावं लागलं. कायदा दुकानाला कुलूप लावतो. गल्लीत कोण विकतं आणि कोणाच्या घरी रात्री भांडी आपटतात, हे ठाऊक असतं ते शेजाऱ्यांना.

म्हणून एक विनंती. परत गेल्यावर व्याख्यानाची तारीख ठरवण्याआधी हजेरीपत्रक उघडा. सोमवारचे रकाने बघा. एखादं नाव पुन्हा पुन्हा दिसलं, तर त्याला बाजूला घ्या, चहा मागवा, दार लावून घ्या आणि विचारा. प्रश्न विचारायला धीर लागतो, आणि आपण शिकवायचा तो हा धीर.

आमच्या फिटरच्या बायकोने आणलेल्या प्रत्येक अर्जावर मी सही केली. तिला बसायला खुर्ची मात्र एकदाही दिली नाही.