पाणी बाटवलं कुणी?

मी पुढारी नाही. पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या प्रयोगशाळेत पोचवणं हा माझा धंदा. तेव्हा पाण्यावरच बोलतो.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं बाटलं म्हणून सनातन्यांनी ते 'शुद्ध' केलं. कशानं? शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलेल्या १०८ घागरी ओतून! असला नमुना आज आमच्याकडं आला तर सरळ नापास. शेणातले जंतू मंत्रानं मरत नाहीत.

आता मुंबईत या. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्हीभोवती राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. पाऊस पाल्यापाचोळ्यावर पडतो, मातीत जिरतो, गाळ मागं राहतो आणि पाणी सावकाश तलावात उतरतं. तुरटी नि क्लोरीन नंतर. बरंचसं काम जंगलानं फुकटात उरकलेलं असतं. पाणलोट म्हणजे नुसता काठ नव्हे. जिथनं जिथनं थेंब वाहत येतो तो सगळा मुलूख.

शेजारीच पवई. तोही पिण्यासाठीच बांधलेला. पण पाणलोटात इमारती उठल्या, सांडपाणी आत शिरलं. मैल्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी माजते, कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते. आज ते पाणी पिण्यालायक नाही. तलाव दिसतो म्हणून फ्लॅटला जादा पैसे मोजणारे खिडकीतून हेच बघतात.

मग घाण म्हणून बोट कुणाकडं? १९९७ साली हायकोर्टाच्या आदेशानंतर उद्यानातल्या झोपड्या पाडायला घेतल्या. जंगल राखलंच पाहिजे, मीही म्हणतो. तलावाच्या डोक्यावर वस्ती नि संडास-गटार नाही, तर मैला खालीच येणार. हे विज्ञान आहे, आपल्या माणसांची बाजू घेताना ते लपवू नका. पण गटार दिलं नाही कुणी? आणि पवईच्या टॉवरवर बुलडोझर का नाही?

तानसा, भातसा दोन्ही शहापूर तालुक्यात. तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. गेल्या मे महिन्यात एका म्हातारीनं माझी बाटल्यांची पेटी बघून विचारलं, "बाबा, कुठं नेतोस पाणी?"

म्हटलं, "तपासायला, आजी. मुंबईचं हाय."

"आमच्या डबक्यातलंबी ने की."

नेलं नाही. तो पाडा माझ्या यादीत नव्हता. घरी आलो, नळ सोडला, तांब्या भरला, पण घशाखाली उतरेना.

यंदा रिकाम्या बाटल्या घेऊन रजेवर चाललोय. कोण कोण येतंय?