आडनांवाचा माग

आडनांव म्हणजे कुळाचा अखंड पुरावा, असें मी शाळेंत तीस वर्षें सांगत आलों. परंतु इचलकरंजीकर घोरपडे मूळचे जोशी. नारो महादेवांनीं संताजी घोरपड्यांविषयींच्या कृतज्ञतेनें धन्याचें आडनांव घेतलें. सातारा प्रांतीं किन्हईचे कुलकर्णी परशुराम त्रिंबक छत्रपतींचे प्रतिनिधि झाले आणि तें पदच घराण्याचें आडनांव ठरलें. तेव्हां माग घ्यावयाचा तो गोत्र, मूळ गांव आणि वतनाचे कागद यांवरून. मिरजेस वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं पटवर्धनी दप्तरांतील मोडी कागद वाचूनच ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. मला मोडी येईना, म्हणून घरचा रुमाल मीं रद्दींत दिला. आज नातू मूळ गांव विचारतो आणि मी निरुत्तर होतों. आपल्या माळ्यावरचा रुमाल, जाणता वाचक मिळेपर्यंत, कृपा करून जपा.