पहारा असावा, पाळत नसावी

(विचुंबे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



पनवेलशेजारच्या आपल्या विचुंब्यात आता अंगणाची जागा जिन्याने घेतली आहे. इमारत आली, तिच्याबरोबर वॉचमन आला, त्याची नोंदवही आली आणि पाठोपाठ कॅमेराही आला. यात वावगे काही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, तेव्हा आपणां सर्वांचे काळीज हलले. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने शाळांना एका महिन्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला, तो योग्यच होता. मुलांच्या सुरक्षिततेपुढे खर्चाची सबब चालत नाही.

परंतु पहारा वेगळा आणि पाळत वेगळी. चोर शिरू नये म्हणून ठेवतो तो पहारा. शेजारची मुलगी किती वाजता आली, तिला सोडायला कोण आले, हे बघत बसणे ही पाळत. समजा, कॅमेऱ्यातील असे एखादे चित्र मोबाईलवरून इमारतभर फिरले आणि कुजबुज सुरू झाली, तर पुढे काय होते? मुलीचा संध्याकाळचा क्लास बंद होतो, मग कॉलेज बंद होते. चोर सापडत नाही, मुलीचे शिक्षण मात्र संपते. म्हणून हा प्रश्न शिक्षणाचाही आहे.

परवानगी व सलाम यांशिवाय दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, ही सूरह नूरची शिकवण आहे. सूरह हुजुरातमध्ये हेरगिरीस मनाई आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा घटनेच्या २१ व्या कलमाने संरक्षिलेला मूलभूत हक्क आहे. शासनाने त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या मानाने बेताचा हवा. हेतू आणि उपाय यांची ही कसोटी आपल्या सोसायटीनेही लावून पाहावी.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे लक्ष द्यावे. रिकाम्या वर्गातील दिवे-पंखे बंद व्हावेत, एवढाच हेतू असेल तर कॅमेरा कशाला? माणसाच्या शरीरातून अवरक्त किरण बाहेर पडतात. ते टिपणारा छोटा सेन्सर कोणीतरी हालले एवढेच ओळखतो. कोण हालले, हे त्याला कळत नाही. दार उघडले का, हे समजण्यास चौकटीवर एक स्विच आणि दारावर एक लोहचुंबक पुरतो. आधी प्रश्न ठरवा, मग यंत्र निवडा.

कॅमेरा लावायचाच तर फाटक, जिना, शाळेचा व्हरांडा येथे लावा. तो कोणाच्या दारावर रोखू नका. स्वच्छतागृहात व कपडे बदलण्याच्या जागी तर मुळीच नको. कॅमेरा चालू असल्याची पाटी लावा. चित्रण कोणी पाहायचे, किती दिवस ठेवायचे, केव्हा पुसायचे, हे सभेत ठरवून इतिवृत्तात लिहा. गुन्हा घडला तर चित्रण पोलिसांना द्या, ग्रुपवर टाकू नका.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकीच कोणी इंजिनिअर होईल, कोणी सोसायटीचा सेक्रेटरी होईल. तेव्हा एवढे ध्यानात ठेवा की, ते चित्रण म्हणजे शेजाऱ्यांची अमानत आहे. अमानत सांभाळायची असते, उघडून दाखवायची नसते.